खुलं पत्र: वाक्याच्या शेवटी ‘टू’ आला म्हणून अर्धा मार्क कापणाऱ्यांना

प्रति,
इंग्रजी व्याकरणाचे पेपर काढणारे, उत्तरसूच्या बनवणारे आणि ‘नेहमी होणाऱ्या चुका’ अशा याद्या तयार करणारे सर्व मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

मी इंग्रजी शिकवते, १६ वर्षं झाली, आणि दरवर्षी पेपरही तपासते. म्हणजे तुमच्याच गोटातली आहे, हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर दोन परिच्छेद वाचून कुणीतरी म्हणणार की हिला स्वतःला जमत नसेल म्हणून नियमांवर राग काढतेय. या वेळी उत्तरसूचीबरोबर एक दोन पानी यादी आली. १४ चुका, प्रत्येकीला अर्धा मार्क वजा, आणि खाली ठळक टायपात ‘काटेकोरपणे अंमल करावा’. कोणी ठरवलं हे, असं विचारलं तर उत्तर मिळालं, मॅडम, वरून आलंय. वर कोण आहे ते कुणालाच माहीत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय. ज्याचं असेल त्याने आपलं समजावं.

१४ पैकी ८ चुकांबद्दल माझी तक्रार नाही. ‘ही गो’ लिहिलं, ‘एस’ खाल्ला, कापा मार्क. ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ लिहिलं, कापा. ‘डिड ही वेंट’ लिहिलं, अवश्य कापा, माझ्यातर्फे पाव मार्क जास्त कापा. पण उरलेल्या ६ आहेत ना, त्या चुकाच नाहीत. त्या कुणाच्या तरी आवडीनिवडी आहेत, दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या, आणि त्या आज मुलांच्या मार्कांतून वसूल होतायत.

आधी तो पेपर सांगते. प्रश्न साधा होता, नवीन शाळेतला पहिला दिवस मैत्रिणीला पत्रातून कळवा. एका मुलीने लिहिलं होतं (मुलगी की मुलगा खरं तर माहीत नाही, पेपरवर नुसता नंबर असतो, मी आपली मुलगी धरून चालते, आणि ही अडचण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे), तर तिने लिहिलं होतं, ‘देअर वॉज नोबडी टू टॉक टू.’ बोलायला कुणीच नव्हतं. पूर्ण पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य, सहा शब्द आणि तो दिवस डोळ्यांपुढे उभा. मग तिला काहीतरी आठवलं असणार. शेवटच्या ‘टू’वर दोन आडव्या रेघा मारलेल्या, रेघा इतक्या दाबून की मागच्या पानावर उमटलेल्या, आणि पूर्णविराम उचलून ‘टॉक’च्या मागे आणून ठेवलेला. उरलं काय? ‘देअर वॉज नोबडी टू टॉक.’ म्हणजे, ओढूनताणून अर्थ लावायचा तर, बोलणारं कुणी नव्हतं. कुणाशी बोलायचं ते गेलंच. बरोबर वाक्य खोडून पोरीने चुकीचं करून ठेवलं, आणि का, तर कुणीतरी शिकवलंय की प्रीपोझिशन, म्हणजे ‘टू’, ‘फ्रॉम’सारखा शब्द, वाक्याच्या शेवटी येत नाही. आता यादीप्रमाणे ‘टू’ ठेवला असता तर अर्धा मार्क गेला असता, आणि खोडला तर अर्थ गेला म्हणून अर्धा मार्क मी कापायचा. इकडे आड तिकडे विहीर.

ते कुणीतरी मीच असू शकते, ही खरी बोच आहे. पहिली आठदहा वर्षं मी स्वतः फळ्यावर हेच लिहून देत होते. एकदा एका मुलाने शब्दकोश उघडून माझ्यापुढे धरला होता, मॅडम यात तर वेगळं दिलंय म्हणून, आणि मी त्याला म्हटलं होतं, आपल्या पुस्तकात जे आहे ते लिही, जास्त डोकं चालवू नकोस. तो गप्प बसला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आज वाटत नाही. त्याच्या त्या प्रश्नापायीच पुढे मी हे नियम आले कुठून ते शोधायला लागले, आणि जे सापडलं ते तुमच्यापुढे मांडते.

तर पहिला मुद्दा, हाच, शेवटी येणारं प्रीपोझिशन. इंग्रजीत हे पूर्वीपासून चालत आलेलं आहे. त्यावर पहिलं ठळक बोट ठेवलं जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली, नाटककार बेन जॉन्सनची एक ओळ ‘फ्रॉम’ने संपते म्हणून. जॉन्सन तोवर वारून ३५ वर्षं झाली होती, उत्तर द्यायला कोण येणार. गंमत म्हणजे ड्रायडनने त्याच दमात कबूल केलं की हा दोष मला माझ्या स्वतःच्या लिखाणातही अलीकडेच दिसलाय, आणि मग त्याने स्वतःचा १६६८चा निबंध १६८४ला परत छापताना असे शेवट शोधून शोधून बदलले. का वाईट, ते मात्र सांगितलं नाही. पुढे १७६२ला रॉबर्ट लाउथ नावाचे पाद्री, जे नंतर बिशप झाले, त्यांनी व्याकरणाचं छोटं पुस्तक लिहिलं, आणि सगळं खापर आज त्यांच्यावर फुटतं. पण त्यांनी बंदी घातलीच नव्हती हो. ते म्हणाले की ही आपल्या भाषेची ओढ आहे, बोलण्यात आणि घरगुती लिखाणात चालते, भारदस्त लिखाणात प्रीपोझिशन आधी घेतलेलं जास्त शोभतं. आणि हे सांगणारं त्यांचं स्वतःचं वाक्य कसं संपतं माहितीये? ‘विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इनक्लाइन्ड टू’. ‘टू’ने! मुद्दाम चिमटा काढला की सहज आलं, देव जाणे. मग १७९५ला लिंडली मरे यांनी आपलं व्याकरण काढलं, लाउथचं बरंचसं त्यात घेतलं, आणि हे वाक्य घेताना तेवढा ‘टू’ उचलून पुढे नेऊन ठेवला. मरेचं पुस्तक शाळाशाळांत गेलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. लाउथचा सल्ला कुठे राहिला, मरेचा ‘टू’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या मानेवर बसला. १९२६ साली फाउलर, ज्यांचा कोश तुमच्यातले बरेच जण देवासारखा मानतात, त्यांनीसुद्धा याला जपून ठेवलेली अंधश्रद्धा म्हटलंय. त्याला आता १०० वर्षं होत आली आणि तुमच्या यादीत हा नियम एक नंबरला आहे.

(शेवटी येणाऱ्या प्रीपोझिशनवरून चर्चिलच्या नावावर सांगतात तो प्रसिद्ध किस्सा मी इथे सांगणार नाही. तो त्यांचाच असल्याचा पक्का पुरावा नाही, आणि माझं भांडणच पुराव्यावरून आहे.)

दुसरं, स्प्लिट इन्फिनिटिव्ह. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये तिसरा शब्द आला की अर्धा मार्क गेला. याचं कारण म्हणून सांगतात की लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकच शब्द असतो, ‘अमारे’ म्हणजे प्रेम करणे, तो फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये. अरे पण लॅटिनमध्ये ‘टू’च नाही तर फोडणार काय! ज्याच्या घराला दारच एक आहे त्याने शेजाऱ्याला दुसरं दार बंद ठेव म्हणून सांगण्यातला प्रकार झाला हा. आणि लाउथ, मरे या जुन्या मंडळींच्या पुस्तकात हा नियम नाहीच, तो आला थेट १९व्या शतकात. १८६४ला कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी लिहिलं की मध्ये शब्द घालायची ही पद्धत इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ठाऊकच नाही. ठाऊक नाही कशी, १४व्या शतकापासून लोक लिहीत आलेत.

पण इतिहास सोडा, अर्थाकडे या. हे वाक्य बघा: ‘ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड द क्वेश्चन.’ म्हणजे त्याला प्रश्न कळला, पण पूर्ण नाही. आता तुमच्या यादीप्रमाणे ‘कम्प्लीटली’ बाहेर काढा: ‘ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड द क्वेश्चन.’ म्हणजे त्याला ओ की ठो कळलं नाही. एक शब्द दोन पावलं सरकला आणि अर्धवट कळलेला मुलगा ठार ढ ठरला. आणि ‘द नंबर इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल’ यातलं ‘मोअर दॅन’ तुम्ही कुठे नेऊन ठेवणार ते सांगा, मी वहीपेन घेऊन बसलेय. मी स्वतः प्रयत्न केलाय, पूर्ण वाक्य मोडून नवीन केल्याशिवाय होत नाही.

तिसरं, ‘दे’. ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ असं लिहिलं की तुमची यादी म्हणते ‘समवन’ एकवचन, म्हणून ‘हिज’ लिहा, फार तर ‘हिज ऑर हर’. आता वरची माझी अडचण आठवा. पेपर मुलीचा की मुलाचा माहीत नाही, म्हणून मराठीत मला मुलगी धरून चालावं लागलं. इंग्रजीत ही अडचण ‘दे’ने चुटकीसरशी सुटते, आणि आजची नाही, साधारण १३७५च्या सुमारापासून लेखी पुरावे आहेत. १४व्या शतकातल्या चॉसर कवीमध्ये आहे, शेक्सपिअरमध्ये आहे, जेन ऑस्टिनमध्ये तर पानोपानी सापडेल. ‘ही’मध्ये बायकाही आल्या असं धरावं, हे १८व्या शतकातल्या व्याकरणांमधून पसरलं, आणि १८५०ला ब्रिटिश पार्लमेंटने तर कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. कायद्याच्या कलमापुरतं ठीक आहे. पण कलम म्हणजे व्याकरण नव्हे ना.

अनेकवचनी शब्द एका माणसाला कसा वापरायचा, असं विचारता. अहो, ‘यू’ काय होतं? अनेकवचनीच. एकाला ‘दाऊ’ म्हणायचं आणि अनेकांना ‘यू’. पुढे मान द्यायला एकालाही ‘यू’ म्हणायला लागले आणि होता होता ‘दाऊ’ बोलण्यातून गेलंच. त्यावरसुद्धा लोक चिडले होते, १६६०ला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या साथीदारांबरोबर यावर आख्खं पुस्तक छापलं, की एका माणसाला ‘यू’ म्हणणाऱ्यांना व्याकरण कळत नाही. आज कुणी ‘यू आर’ला अर्धा मार्क कापेल? आणि हा प्रश्न मराठी माणसाने तर विचारूच नये. ‘बाबा आले.’ बाबा किती? एकच. क्रियापद? अनेकवचनी. ‘सर, तुम्ही कधी येणार’ असं आपण एकाच सरांना विचारतो, आणि मागून दुसरे सर येतायत का म्हणून कुणी वळून बघत नाही. जे आपल्याला रोज तोंडात घोळवायला चालतं ते इंग्रजीत दिसलं की आपल्या अंगावर काटा का येतो मला कळत नाही. २०१९ला मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’ निवडला, त्याच वर्षी मानसशास्त्राच्या शोधनिबंधांसाठी जगभर वापरली जाणारी एपीए नियमावली सातव्या आवृत्तीत म्हणाली की एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरा. संशोधकांना जे चालतं ते नववीच्या पोराला चालत नाही, असं कसं?

चौथं, ‘लेस’ आणि ‘फ्युअर’. मोजता येतं तिथे ‘फ्युअर’, येत नाही तिथे ‘लेस’. नियम सुटसुटीत आहे, मलाही आवडतो, मी लिहिताना पाळते. पण त्याचा उगम ऐका. १७७०ला रॉबर्ट बेकर यांनी लिहिलं की ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’ यापेक्षा ‘नो फ्युअर दॅन अ हंड्रेड’ हे ‘अपिअर्स टू मी’ जास्त देखणं आणि जास्त योग्य. अपिअर्स टू मी. मला वाटतं! त्यांना वाटलं, त्यांनी नम्रपणे तसं लिहिलं, आणि आपण त्यातलं ‘मला वाटतं’ पुसून कलम बनवलं. त्याआधी इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे ९व्या शतकापासून, मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ लागत आलंय. आणि तुमचीच मॉडेल उत्तरं बघा, ‘लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’ आहे त्यात, आणि ते बरोबरच आहे, पण मिनिटं मोजता येत नाहीत का?

पाचवं पटकन उरकते कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये. हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे ते मला दाखवा, मी तुमची जाहीर माफी मागेन. १६११च्या किंग जेम्स बायबलचा पहिलाच अध्याय उघडा, ३१ ओव्यांपैकी २९ ‘अँड’ने सुरू होतात. लहान मुलं गोष्ट सांगताना ‘आणि मग, आणि मग’ करत बसतात, तशी सवय लागू नये म्हणून बाईंनी कधीतरी सांगितलं असणार. ती सूचना पहिलीतल्या मुलासाठी होती, दहावीच्या पेपरात ती काय करतेय?

सहावं, ‘शॅल’ आणि ‘विल’. ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, आणि ठणकावून सांगायचं असेल तर उलट. हे लिहिलं जॉन वॉलिस यांनी १६५३ साली, तेही लॅटिनमध्ये, परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावं म्हणून. वॉलिस मूळचे गणिती. आपण अनंतासाठी आडवं आठ काढतो ना, ते चिन्हही त्यांनीच दोन वर्षांनी, १६५५ला आणलं. ते चिन्ह टिकलं, नियम मात्र लोकांनी कधी नीट पाळलाच नाही. आज इंग्रजी मातृभाषा असलेले बहुतेक जण साधं भविष्य सांगायला ‘आय विल’च म्हणतात, आणि ‘शॅल’ उरलंय ते ‘शॅल वी गो?’सारख्या विचारणेत नाहीतर करारनाम्यात. ‘आय विल कम टुमारो’ला अर्धा मार्क कापताना माझा हात अक्षरशः थांबला.

बरं, ज्या ८ चुका मला मान्य आहेत त्यातल्या एकीबद्दलही एक गोष्ट राहून राहून खटकते. ‘आय डोन्ट नो नथिंग’. प्रमाण इंग्रजीत हे आज चालत नाही, मुलांनी लिहू नये, कापा मार्क. पण यादीत कारण काय दिलंय, तर ‘गणिताप्रमाणे दोन नकार मिळून होकार होतो’. भाषा म्हणजे काय पाढे आहेत का? असं असेल तर तीन नकारांचा परत नकार व्हायला हवा, म्हणजे तीनदा लिहिलेलं चालेल का तुम्हाला? चॉसरने आपल्या सरदाराचं वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार वापरलेत, गणिताने तो सरदार शिवराळ ठरेल, आणि चॉसरला तर सांगायचं होतं की हा माणूस जन्मात कुणाला वावगं बोलला नाही. चुकीला चूक म्हणा, पण मुलांना खोटं कारण देऊ नका. हुशार मुलं कारणं तपासून बघतात, आणि एक खोटं निघालं की बाकीच्या १३ वरचाही विश्वास जातो.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणायचे.

एक, नियम नसले तर भाषा बिघडेल. इंग्रजीला कधी अधिकृत मालक नव्हता हो. फ्रेंचांनी १६३५ला अकादमी काढली, ते बघून १७१२ला जोनाथन स्विफ्टने इंग्रजीसाठीही तसं काहीतरी करा म्हणून गळ घातली, पण झालं काही नाही. म्हणजे इंग्रजीत ‘नियम आहे’ असं कुणी म्हटलं की ‘कोणी केला आणि कशावरून’ हे विचारणं उद्धटपणा नाही, तिथे दुसरी कसोटीच नाही. १७६१ला, लाउथच्या एकच वर्ष आधी, जोसेफ प्रीस्टली यांनीही व्याकरण लिहिलं होतं, ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच प्रीस्टली, आणि त्यांचं म्हणणं होतं की लोकांची बोलायची रीत हीच भाषेची खरी कसोटी. प्रयोगशाळेत उभा राहणारा माणूस, आधी बघायचं आणि मग बोलायचं ही सवय. त्यांच्यापेक्षा लाउथ जास्त खपले, हे आपलं नशीब. आणि रीत बघायची म्हणजे वाटेल ते चालतं असं नाही, कुणीही इंग्रज ‘डिड ही वेंट’ म्हणत नाही, म्हणूनच ती चूक. २००२चं हडलस्टन आणि पुलम यांचं व्याकरण १८०० पानांच्या वर आहे, त्याच्या आधीचं १९८५चं क्वर्क आणि मंडळींचंही तसंच जाडजूड. रीत बघणारी पुस्तकं नियम नसलेली असती तर इतकी पानं भरली कशाने?

दोन, मुलांना पुढे मुलाखतीला, नोकरीत कुणीतरी जुन्या वळणाचा साहेब भेटेल, तो नाक मुरडेल, तेव्हा आत्तापासून सवय लावलेली बरी. हे मला पटतं. खरंच पटतं, म्हणून मी वर्गात सांगतेच की अर्ज लिहिताना ‘टू हूम’ घे, मैत्रिणीला लिहिताना शेवटी ‘टू’ येऊ दे. पण हा कपड्यांसारखा सल्ला झाला, कुठे काय शोभतं याचा. घरात चप्पल न घालता फिरणाऱ्याला आपण अपंग म्हणत नाही. तुमची यादी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रातही कापते!

आणि तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही पण मी ४०० पेपर तपासून सांगते. या ६ चुका पकडायला सोप्या आहेत. शेवटचा शब्द बघायचा, सुरुवातीचा शब्द बघायचा, ‘टू’च्या पुढचा शब्द बघायचा, वाक्य वाचावंच लागत नाही. आता तर कॉम्प्युटरही शब्दांखाली रेघ मारून देतो. ‘द’ कुठे हवा आणि कुठे नको, काळ मध्येच का बदलला, ‘इट’ म्हणजे नक्की कोण, हे बघायला पूर्ण उत्तर वाचावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि मुलांची इंग्रजीतली खरी कुचंबणा तिथेच असते. ज्या पेपरात ‘टू’ खोडलेला होता त्यात ‘द’च्या ११ चुका होत्या. यादीत ‘द’साठी एक ओळ, ‘योग्य तिथे वापरावा’. बस्स, एवढंच.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

१. यादीचे दोन भाग करा. एकात चुका, दुसऱ्यात पसंती. मार्क फक्त पहिल्या भागासाठी कापले जावेत.

२. वरच्या ६ बाबींसाठी मार्क कापणं याच परीक्षेपासून थांबवा, आणि जे पेपर आधीच तपासून झालेत त्यात कापलेले परत द्या. कटकट होईल हे मान्य, मी माझ्या वाट्याचे ४०० पेपर परत चाळायला तयार आहे, मानधन नको.

३. यापुढे यादीत नवीन नियम आला तर त्यासमोर लिहा तो कुठल्या व्याकरणातून घेतलाय आणि आजचे शब्दकोश त्यावर काय म्हणतात. ‘वरून आलंय’ हा संदर्भ धरला जाणार नाही.

४. औपचारिक भाषा हवी असेल तर प्रश्नातच तसं लिहा. ‘औपचारिक पत्र’ म्हटलं की मुलांना कळतं, आणि मग तिथे तुम्ही जरा कडक झालात तर माझी हरकत नाही.

५. मुलाने फेरतपासणीत शब्दकोशाचं पान दाखवलं तर ते बघितलं जावं. निदान त्याला डोकं चालवू नकोस असं तरी सांगितलं जाऊ नये. हे मी आधी स्वतःलाच सांगतेय.

यातली एखादी मागणी चुकीची वाटत असेल तर तसं लिहून कळवा, कारणासकट. मी वाचेन, आणि पटलं तर हे पत्र दुरुस्त करेन.

आपली,
१६ वर्षं लाल पेन चालवलेली एक शिक्षिका

ता. क. त्या पेपरात मी खोडलेला ‘टू’ आहे असं धरून वाक्याचे पूर्ण मार्क दिलेत आणि समासात तसं लिहून सही केलीय. वरच्या तपासनीसांनी हरकत घेतली तर खुलासा द्यायला मी यायला तयार आहे, तारीख तेवढी दोन दिवस आधी कळवा.